कच्च्या शिवणीची टोपी

बारामतीच्या स्टँडवरून गाडी सुटायच्या बेतात होती. मी घंटीच्या दोरीला हात घातला, तेवढ्यात एक मुलगी पळत आली आणि तिनं स्वतः चढायच्या आधी एक गोणपाटाची पिशवी दारातून आत टाकली. पिशवी घरंगळत माझ्या पायाशी आली. तिचं तोंड सुटलं आणि आतून एक डोकं बाहेर आलं.

पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं देवाचं नाव घेतलं. मीही मागं सरकलो.

डोकं लाकडाचं होतं. नवं कातलेलं, गुळगुळीत, नाक-डोळे नसलेलं.

“उचला की कंडक्टर,” ती दारात धापा टाकत म्हणाली. “चावत न्हाय ते.”

मी वाकलो, आणि वाकलो तशी माझी टोपी खाली पडली. ही सन चोपन्नची गोष्ट. एसटीत लागून मला थोडेच दिवस झाले होते. अंगावरचा खाकी डगला नवा होता, पण टोपी माझ्या आधीच्या माणसाची होती. त्याचं डोकं मोठं. माझं लहान, शिवाय नुकतंच भादरलेलं, कारण वडील भाद्रपदात गेले होते. त्यामुळं टोपी थेट भुवयांवर यायची, आणि जरा खाली बघितलं की सुटायची.

आता मी वाकलेला, लाकडी डोकं माझ्या हातात, आणि दोन्ही डोकी शेजारी शेजारी. ती एकदा याच्याकडं बघे, एकदा त्याच्याकडं. ओठ दाबून धरले होते, पण डोळ्यांतलं हसू काही दाबलं जात नव्हतं.

मग माझं डोकं कशामुळं भादरलंय ते तिच्या ध्यानात आलं. हसू उतरलं.

“घरचं कोन गेलं?” तिनं हळू विचारलं.

“वडील.”

तिनं वाकून माझी टोपी उचलली, पदरानं धूळ पुसली आणि माझ्या हातात दिली. मला ते फार बरं वाटलं. बरं वाटलेलं कळू नये म्हणून मी कंडक्टरसारखा आवाज काढला.

“ह्या डोक्याचं तिकीट काढावं लागंल. जागा अडवतंय.”

“मांडीवर घेते की.” ती बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. “आन तुमच्या डोक्याचं कुनी काढलंय? ते तर दार अडवून उबं हाय.”

आख्खी गाडी हसली. ड्रायव्हर मोहनरावांचे खांदे हलताना मला मागून दिसले. मी घंटी ओढली.

लासुर्ण्याच्या पुढं गेल्यावर मी तिचं इंदापूरचं तिकीट फाडलं. तिनं ते घेतलं, पण बघत होती माझ्या टोपीकडं.

“तुमी टोपी घातली न्हाय,” ती म्हणाली. “टोपी तुमाला घालून फिरतीया. इंदापुरात पेठेत या. तात्याबाचं दुकान कोन बी दावील.”

ती रंगू. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. पण मला ते लिहायचं नाही. मला ती पळत आली तो दिवस लिहायचाय, आणि त्याच्या पुढचे काही महिने.

*

गाडी इंदापुरात दुपारी तासभर थांबायची. मी दुसऱ्याच दिवशी पेठेत गेलो.

तात्याबा आमच्याच, धनगर समाजातले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणायचं काम. लढाईच्या काळात पुण्याचा एक कंत्राटदार त्यांना लष्कराच्या टोप्यांना अस्तर लावायच्या कामावर घेऊन गेला. तिथं ते आख्खी टोपी शिवायला शिकले, आणि परत आल्यावर माग मोडून मशीन घेतलं. कारखान्याचे रखवालदार, बँडवाले, शाळेतली पोरं आणि आता एसटीची माणसं, सगळ्यांच्या टोप्या तिथं होत. भिंतीला फळ्या, फळ्यांवर लाकडी डोकी ओळीनं मांडलेली आणि प्रत्येकावर एक टोपी. आत पाऊल टाकलं की इतकी माणसं आपल्याकडं बघतायत असं वाटून मी पहिल्या दिवशी नमस्कारच केला.

तात्याबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ते कोळशाच्या इस्त्रीपाशी बसत. कापणं, शिवणं, माप घेणं रंगू करी. पाटी मात्र तात्याबांच्या नावाची, आणि गिऱ्हाइकाशी भावाचं बोलायचं ते त्यांनीच.

रंगू माझ्या मागं उभी राहिली. सुती दोरा कपाळावरून, कानांच्या वरून मागं नेला, आणि गाठ मारायच्या आधी थांबली. तिची बोटं माझ्या बोडक्या डोक्याला लागली. गार होती. मशीनच्या तेलाचा वास येत होता. मला वाटलं ती जरा जास्तच वेळ थांबली... पण मला काय कळणार, त्याआधी माझ्या डोक्याचं माप कुणी घेतलंच नव्हतं.

“आत्ता बोडकं हाय,” ती म्हणाली. “आजच्या मापानं शिवली तर केस आल्यावर बसायची न्हाय.”

मग तिनं घरची रीत सांगितली. नवी टोपी मागच्या बाजूनं लगेच पक्की शिवायची नाही. तिथं पांढऱ्या दोऱ्याचा कच्चा टाका घालायचा. गिऱ्हाइकानं टोपी वापरायची, डोक्याला नीट बसली की आणून द्यायची, मग ती मागची शिवण पक्की करायची. एकदा पक्की झाली की त्या टोपीचं दुकानातलं काम संपलं. इतरांचं हे आठवड्यात उरकतं.

“तुमाला केस येईपतुर यावं लागंल,” ती म्हणाली. “बुधवारी कामाची गर्दी नसती.”

“गाडी रोज येती. रोज आलो तर?”

“केस रोज वाढत न्हायत, कंडक्टर.”

असे बुधवार सुरू झाले. मी टोपी काढून द्यायची. तिनं मागचा टाका उसवायचा, सूतभर कापड सोडायचं, पुन्हा कच्चा टाका घालायचा आणि टोपी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्यावर बसवून बघायची. त्या वेळी ती श्वास धरून ठेवी. मीही.

दिवाळी झाली, थंडी आली. माझे केस राठ आणि दाट. मी कटिंगला जात नव्हतो. ते तिला दिसत होतं.

“डोक्यावर ऊस लावलाय का?” ती एकदा म्हणाली. “रोज पाट सोडताय वाटतं.”

“तोडीला अजून अवकाश हाय.”

“मग मला टोपी जमायची न्हाय. तंबू शिवावा लागंल.”

तात्याबा इस्त्री फिरवता फिरवता विचारत, त्या पोराची टोपी अजून झाली नाही का. रंगू सांगे, डोकं आडदांड हाय, तात्या. आणि सांगताना माझ्याकडं बघत नसे.

एकदा तात्याबा कोळसे आणायला मागच्या अंगणात गेले होते. रंगूनं टाका घातला, आणि टोपी मला द्यायच्या ऐवजी स्वतःच्या डोक्यावर घातली. पदर खांद्यावर पडला. काळ्या चामड्याच्या पट्टीखाली नुसते तिचे डोळे दिसत होते. हातातली कात्री तिनं, मी तिकिटाचा चिमटा वाजवतो तशी, टकटक वाजवली.

“तिकीट... तिकीट. कुठं जायचं?”

“हितंच,” मी म्हणालो.

“हितलं तिकीट न्हाय. उतरा खाली.”

“उतरलो न्हाय तर?”

तिचं हसू थांबलं. टोपी काढून तिनं समोर ठेवली आणि मशीनचं चाक उगाच फिरवलं, खाली कापड नसताना. मी स्टँडवर पोचलो तेव्हा मोहनरावांनी विचारलं, एवढं पळत का आलास. मी पळत आलो होतो हे मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

*

इकडं गावी, वरकुट्यात, आईचा तगादा चालू झाला होता. माझी आई भागूबाई. वडील गेल्यावर घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर पुढं तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडं रीत. तीन वर्षं मी एकटीनं चूल फुंकायची का, असं ती विचारी. मी म्हणे, सांगतो. पण सांगायच्या आधी रंगूला विचारायला हवं होतं, आणि दर बुधवारी मी ठरवून जायचो आणि ऊस आणि तंबूच्या गप्पा मारून परत यायचो.

माघातल्या एका बुधवारी मी गेलो, तर आदल्या बुधवारी तिनं ठेवून घेतलेली टोपी कागदात गुंडाळून तयार होती. मी उलटी करून बघितली. मागचा पांढरा टाका नव्हता. तिथं खाकी दोऱ्याची दुहेरी शिवण होती.

“पक्की केली?”

“व्हय.”

“मी सांगितलं नव्हतं.”

“आत्या येनार हाय,” ती म्हणाली.

बारामतीच्या साखरबाई, तात्याबांच्या थोरल्या बहीण. त्यांचा मुलगा भीमा. भावाच्या मुलीवर आत्याचा पहिला हक्क, हे आमच्यात पाळण्यातच ठरलेलं असतं. तात्याबांना मुलगा नव्हता. भीमा जावई होणार आणि दुकानही तोच बघणार. पंधरवड्यानं साखरबाई सुपारी घेऊन यायच्या होत्या. सुपारी फुटली की बोलणं संपलं.

“तुमाला काय वाटतं?” मी विचारलं.

तिनं मान वर केली. तिचे डोळे एवढे रागावलेले मी कधी बघितले नव्हते.

“मला कुनी इचारलं न्हाय. आत्यानं न्हाय, तात्यानं न्हाय. आन तुमी... इतकं बुधवार आलात, तुमी तरी कुठं इचारलंत?”

तेवढ्यात दोन बँडवाले दुकानात शिरले. रंगू त्यांच्या मापाला उठली. मी टोपी घालून बाहेर पडलो. डोक्याला इतकी चपखल बसली होती की वाऱ्यानंसुद्धा हलत नव्हती.

*

मी रजा टाकली आणि वरकुट्याला गेलो. ज्वारीची काढणी चालू होती. दहाएक दिवस मी आईबरोबर रानात राबलो. तिनं विचारलं, तोंड का पाडलंयस. मी म्हणालो, ऊन लागतंय.

रजा संपवून बारामतीला आलो तो नेमका सुपारीचा बुधवार. सकाळी स्टँडबाहेर लिंबाखाली न्हावी बसला होता. मी टोपी काढून हातात फिरवली. ती उसवायला काही कारण उरलं नव्हतं. पण टोपी सैल झाली, तर मात्र दुकानात न्यावीच लागेल. एवढा एकच विचार माझ्या डोक्यात आला, आणि मी न्हाव्यापुढं जाऊन बसलो.

“सगळं काढ,” मी म्हणालो.

न्हाव्यानं माझ्याकडं बघितलं, मान हलवली आणि काम केलं. पैसे घेईना. मला वाटलं, ओळखीचा आहे म्हणून.

मोहनराव आले, माझं डोकं बघितलं आणि हातातली विडी टाकून दिली. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चालायचंच, म्हस्कू.” त्यांना माझं दुकानातलं सगळं ठाऊक होतं. त्यांना रंगूची सुपारी कळली असेल असं समजून मी म्हणालो, “व्हय.”

त्या दिवशी गाडीत कुणी भांडलं नाही. सुट्ट्यांवरून कुणी आवाज चढवला नाही. एका बाईनं मला दोन पेरू दिले आणि डोळे पुसले. मी पेरू खाल्ले.

गाडी भरत आली तेव्हा एक जाडजूड बाई पायरीवर चढल्या. मागं त्यांचा मुलगा, हातात भरलेली पिशवी, वर नारळाची शेंडी. बाईंनी माझं डोकं बघितलं आणि पाय पुन्हा खाली घेतला.

“भीमा, दुसरी गाडी कवा हाय?”

“सांजच्याला, आये.”

बाई चढल्या, पण पुटपुटत. सुपारीला निघालो आणि दारात बोडकं डोकं. आमच्यात तरणा माणूस डोकं भादरतो तो आई-बापाच्याच नावानं. ह्याचा बाप तर पावसाळ्यात गेला म्हणतात, म्हणजे आता माय गेली.

मी दोरी धरून तसाच उभा राहिलो. वडील गेलेले सगळ्यांना माहीत. मी दहा दिवस रजेवर. परत आलो तो डोकं भादरून. न्हावी, मोहनराव, पेरूवाली बाई, सगळ्यांनी मिळून माझ्या आईला पोचवलं होतं, आणि आई त्या वेळी वरकुट्यात ज्वारी काढत होती. मी लगेच सांगायला तोंड उघडलं, “आई बरी हाय.” पेरूवाली बाई म्हणाली, “बोलू नगा. बोललं की जास्त होतं.”

इंदापूरला तात्याबा बहिणीला घ्यायला स्टँडवर आले होते. मी खाली उतरायच्या आधी मोहनराव उतरले आणि त्यांनी सांगून टाकलं. तात्याबा चाचपडत माझ्यापाशी आले आणि मला मिठी मारली.

“तात्या, आई हाय,” मी म्हणालो.

“हाय रं पोरा. ती कुठं जातीया. तुज्या पाठीशीच हाय.”

मग ते बहिणीकडं वळले. म्हणाले, आज सुपारी नको. ह्या पोरानं आपल्या दुकानाचा उंबरा झिजवलाय, त्याची माय गेली असताना आपण गूळ-खोबरं वाटायचं बरं दिसत नाही. मी वरकुट्याला त्याच्या घरी भेटून येतो. पानांच्या टोपल्या उतरवून निमगावाकडं परत निघालेली एक लॉरी तिथं उभी होती. भीमाचा हात धरून तात्याबा तिच्यात चढलेसुद्धा. मी हाका मारत धावलो, पण लॉरी धुरळा उडवत गेली. साखरबाई पिशवीवर बसून राहिल्या. त्यांच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

मी दुकानाकडं पळालो.

रंगू नवं लुगडं नेसून, मशीनवर हात ठेवून बसली होती. मला बघून उठली. डोकं बघितलं आणि तिचा रंगच उडाला.

“आई...?”

“आई धडधाकट हाय.”

“मग हे?”

मी टोपी पुढं केली. “सैल झाली.”

ती टोपीकडं बघत राहिली. मग माझ्या डोक्याकडं. मग खाली बसली आणि तोंडावर पदर दाबला. हसतेय का रडतेय ते मला कळेना, आणि मला वाटतं तिलाही कळत नव्हतं.

“एवढी पक्की शिवण घातली व्हती,” ती म्हणाली. “दुहेरी. बोटात दोनदा सुई गेली माज्या.”

“उसव.”

“आन मग?”

“मग मी इचारतो. त्या दिशी न्हाय इचारलं ते. माज्या घरी येशील का?”

तिनं कात्री उचलली आणि एका झटक्यात ती शिवण उसवली. एवढंच. मी आयुष्यात बरेच होकार ऐकले, पण तसा कर्रर्र वाजलेला एकही नाही.

मग तिनं विचारलं, तात्या आणि आत्या कुठायत. मी सांगितलं. तिनं कात्री टाकली, दुकानाला कुलूप लावलं, आणि आम्ही दोघं भर पेठेतून पळत सुटलो. इंदापुरानं त्या दिवशी काय काय बोलून घेतलं असेल ते इंदापूर जाणे.

*

परतीची गाडी भरली होती. साखरबाई खिडकीशी बसल्या होत्या, बारामतीला परत जायला. भाचीला बघून त्यांनी भुवया चढवल्या. रंगू त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मोहनरावांना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बंद पडलेल्या इंजिनाकडं बघतात. मग गाडी जोरात सोडली.

आमचं शेत वरकुट्याच्या फाट्याला लागूनच. लांबून तीन माणसं रस्त्यात उभी दिसली. तात्याबा, भीमा आणि मधे माझी आई, कासोटा खोचलेला, हातात विळा. घंटी ओढायची गरजच पडली नाही. मोहनरावांनी आपणहून गाडी थांबवली. मेलेलं माणूस हात करतंय म्हटल्यावर कोण थांबणार नाही.

“खाली उतर,” आई म्हणाली.

मी उतरलो.

“टोपी काढ.”

काढली. सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर डोकावली होती. आईनं माझं डोकं पुढून बघितलं, मागून बघितलं.

“मी जित्ती हाय. दिसतीया का तुला?”

“दिसतीया.”

“हे पावनं माज्याच दारात माज्यासाठी रडाय आलं. मीच पानी दिलं त्यास्नी. कुनाच्या नावानं भादरलंस?”

“कुनाच्या न्हाय. टोपी सैल व्हावी म्हनून.”

खिडक्यांतली डोकी आणखी बाहेर आली. मला आता थांबताही येईना.

“टोपी पक्की झाली व्हती. सैल झाल्याबिगर दुकानात जाता येत नव्हतं. आन दुकानात गेल्याबिगर... मला ऱ्हावत न्हाय.”

“टोपीबिगर ऱ्हावत न्हाय?”

“रंगूबिगर.”

मागच्या खिडकीतलं एक म्हातारं खो खो हसायला लागलं, आणि मग आख्खी गाडी. आई हसली नाही. म्हणाली, “ह्या डोक्यात काय हाय ते भादरल्यावर तरी दिसंल वाटलं व्हतं. काईच न्हाय.” पण विळा तिनं खाली ठेवला.

तोवर रंगू उतरून आली आणि आईच्या पाया पडली. तात्याबांनी बांगड्यांच्या आवाजावरून लेकीला ओळखलं. त्यांचा चेहरा कडक झाला. दुकान कोण बघतंय, त्यांनी विचारलं. कुलूप लावलंय, ती म्हणाली. मग त्यांनी सांगितलं, अक्काला शब्द दिलाय, आणि तुझ्या लग्नाबरोबर दुकानाचंही बघायचंय, ते कुणाच्या हाती द्यायचं.

“तात्या,” रंगू म्हणाली, “कापते मी, शिवते मी, माप मी घेते. दुकान कुनाला द्यायचं म्हनून तुमी पंचक्रोशी हुडकताय, आन मी रोज तुमच्या म्होरं मशीनवर बसलीया.”

तात्याबांनी तोंड उघडायच्या आत भीमा मधे घुसला.

“मामा, मला वालचंदनगरला लेथवर घेतलंय. मला लोखंड कळतं. सुई हातात दिली तर मी बोटच टोपीला शिवून ठिवीन.”

उरल्या साखरबाई. त्या गाडीतून उतरल्याच नव्हत्या. माझी आई त्यांच्या खिडकीखाली गेली आणि हात जोडले.

“अक्का, पोरीवर पयला मान तुमचा. मी तुमच्या भावाकडं मागनार न्हाय, तुमच्याकडं मागते. तुमी व्हय म्हनला तर ती माजी सून. न्हाय म्हनला तर मी ह्या बोडक्याला घीऊन घरी जाते, आन पुना ह्याचं त्वांड तुमाला दिसायचं न्हाय.”

साखरबाईंनी भावाकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, भाचीकडं बराच वेळ बघितलं. माझ्याकडं बघून तोंड वाकडं केलं. रंगूचा हात त्या वेळी माझ्या डगल्याच्या बाहीला लागला होता. मला वाटलं, आता साखरबाईंनी नाही म्हटलं तर मी उभ्या उभ्या...

“सुपारी घरातनं बाहीर पडली की ती फुटल्याबिगर परत न्यायची नसती,” साखरबाई म्हणाल्या, आणि पिशवीत हात घातला.

मोहनरावांनी पाना आणला. गाडीच्या पायरीवर ठेवून तात्याबांनी आपल्या हातानं सुपारी फोडली, आणि दुकानाची किल्ली रंगूकडंच राहू दे म्हणाले. पानं निमगावच्या एका पानवाल्यानं दिली, गूळ-खोबरं साखरबाईंचंच होतं, ते साऱ्या गाडीत वाटलं. कोर्टाच्या तारखेला उशीर होतोय म्हणून एक जण मघापासून कुरकुरत होता, त्यानं दोनदा खोबरं मागून घेतलं. मोहनरावांनी हॉर्न वाजवला तो फाटा दिसेनासा होईपर्यंत सोडलाच नाही.

*

लग्न फाल्गुनात झालं, वर्षाच्या आत, आमच्या शेतातल्या मांडवात. माझ्या डोक्यावर केस आले होते ते नुसते टोचण्यापुरते. त्यामुळं मुंडावळ्या टिकेनात. मामानं बांधल्या, घसरल्या. भीमानं बांधल्या, पुन्हा घसरल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा त्या माझ्या नाकावर लोंबत होत्या आणि अक्षता पडतील तशा आणखी खाली येत होत्या. हात वर करावेत तर हातात हार.

मधे अंतरपाट धरलेला. पलीकडं रंगू, मला तिची नुसती पावलं दिसत होती, हळदीनं पिवळी झालेली.

मग अंतरपाटाच्या वरून दोन हात आले.

हिरव्या चुड्याचे, मेंदीचे. ते हात माझ्या कानांवरून मागं गेले, मुंडावळ्यांचा दोरा शोधला आणि ओढून धरला. भटजी म्हणता म्हणता अडखळले. बायका म्हणाल्या, अगं बया, नवरी काय करतीया, अजून लग्न लागायचंय. साखरबाईंचं हसणं सगळ्यांच्या वर ऐकू आलं.

मी मान पुढं केली, तिला सोपं पडावं म्हणून. तिची बोटं गार होती.

“हलू नका,” पलीकडून आवाज आला.

मी हललो नाही.